रानडुकरासाठी हँडगनचं काडतूस: १० मिमी आणि .४४ मॅग्नममध्ये नेमकं कोणतं?

केटीकर

नमस्कार मंडळी,

टेक्ससमध्ये लॅनोच्या बाजूला एका रँचमालकाने डुकरं मारायला परवानगी दिली आहे. कुरण उकरून ठेवलंय, कुंपणाखालून वाटा पाडल्यात, त्यामुळे "किती मारू" असा प्रश्नच नाही. रायफल न नेता हँडगननेच करायचं ठरलंय. हाताशी दोन आहेत: ग्लॉक २० (१० मिमी, मूळचीच नळी, साधारण ४.६ इंच) आणि रूगर सुपर रेडहॉक (.४४ मॅग्नम, ७.५ इंच नळी). बसायच्या जागेपासून मक्याचा फीडर ३५ यार्डांवर आहे. मधे मोकळं, मागे मेस्कीटची झुडपं आणि चढ.

अडचण काडतुसांची आहे. दुकानात एकाच मापाचे पंधरा डबे दिसतात. एफएमजे (पूर्ण धातूच्या कवचाची), होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, फुलणारी), सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), हार्ड कास्ट (टणक ओतीव शिशाची), शिवाय आता अख्ख्या तांब्याच्या गोळ्या. एक म्हणतो फुलणारी घ्या, दुसरा म्हणतो फुलणारी डुकराच्या कातड्यातच अडकते. दोन्ही हत्यारांसाठी नेमकं वजन आणि गोळीची जात सांगाल का? आणि कोणती मुळीच घेऊ नये तेही सांगा.

सोबत एक मित्र येणार आहे, एच-१बी या कामाच्या व्हिसावरचा. तोही एखाददुसरा बार टाकेल. खाजगी जमिनीवर डुकरांना परवाना लागत नाही असं ऐकलंय, ते बरोबर ना?

सहाबारी

३५ यार्डांवर बसून मारायचं असेल तर रेडहॉक हातात आणि ग्लॉक कमरेला. लांब नळी, दीड किलोचं वजन, वर दुर्बीण बसवायला तयार खाचा, आणि .४४ ची गोळी. हे सगळं असताना ग्लॉकने पहिला बार टाकायचं कारण नाही. जखमी डुक्कर झुडपात शिरलं तर मात्र पंधरा गोळ्यांचं पिस्तूल बरं.

कोणती घेऊ नये हे आधी सांगतो, कारण तिथेच जास्त लोक फसतात.

गोल नाकाची एफएमजे नको. ती डुकराच्या अंगातून सरळ निघून जाते, पण मागे ठेवते ते दाभणाने पाडावं तसं भोक. डुकराची कातडी सैल, तिच्याखाली चरबी. डुक्कर चार पावलं चाललं की कातडी सरकते, चरबी भोकात बसते आणि रक्ताचा माग तिथेच संपतो. मेलेलं डुक्कर दोनशे यार्डांवर झुडपात पडलेलं असतं आणि तुम्ही फीडरभोवती टॉर्च फिरवत असता.

स्वसंरक्षणाची होलो पॉइंटही नको. ही गोळी माणसासाठी बनवलेली आहे. कपडे पार करून चाचणीच्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच जावी आणि पुढे जाऊ नये, हा तिच्यामागचा एफबीआयचा हिशोब. डुकराच्या फऱ्यावर वाळलेल्या चिखलाचा थर, राठ केस, जाड कातडी, आणि मोठ्या नराला त्याच्याखाली ढाल, म्हणजे फऱ्यावरची चिवट पाटी. गोळी वरच्यावर फुलते आणि फुफ्फुसापर्यंत पोचायच्या आधी दम सोडते. १० मिमीमध्ये १३५ आणि १५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वेगवान गोळ्यांचं हेच होतं. डब्यावरचा वेगाचा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

आता काय घ्यावं. .४४ साठी २४० ग्रेनची जाड कवचाची, सावकाश फुलणारी गोळी. हॉर्नडीची एक्सटीपी सगळीकडे मिळते; डब्यावर १,३५० फूट प्रतिसेकंद लिहिलंय आणि तो आकडा ७.५ इंची नळीचाच आहे, म्हणजे तुमच्या रेडहॉकमधून जवळपास तेवढाच वेग मिळेल. २४० ग्रेनची जॅकेटेड सॉफ्ट पॉइंटही तितकीच चालेल, आणि सहसा स्वस्त पडते. हीच गोळी ४ इंची नळीतून मारली तर शे-दीडशे फूट वेग सहज कमी होतो, म्हणून कोणाच्याही आकड्यावर जायच्या आधी त्याची नळी किती लांब आहे ते विचारा.

ग्लॉकसाठी मूळच्या नळीत १८० किंवा २०० ग्रेन एक्सटीपी. डबा नीट वाचा. "१० मिमी" नावाने विकली जाणारी पुष्कळ काडतुसं मवाळ, म्हणजे कमी दाबाची, भरलेली असतात. १८० ग्रेन, १,०३० फूट असं दिसलं की समजा १० मिमीचे पैसे देऊन .४० स्मिथ अँड वेसन घेताय. त्याच वजनाला १,१८० च्या आसपास आकडा हवा.

शिसेओतारी

वरच्याशी बहुतांशी सहमत, पण हार्ड कास्टचं राहिलं, आणि ग्लॉकवाल्याला ते आधी कळलं पाहिजे.

ग्लॉकच्या मूळ नळीतून उघड्या शिशाची गोळी मारायची नाही. कंपनीच्या पुस्तिकेतच तसं लिहिलेलं आहे. या नळीतल्या चऱ्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) कापलेल्या नसतात, बहुकोनी आणि गोलसर असतात. शिसं तिथे धार धरत नाही, पुसलं जातं, आणि चेंबरच्या पुढच्याच दोन-तीन इंचांत थर साचतो. दर गोळीला वाट जरा अरुंद, दाब जरा जास्त. १० मिमीचा कमाल दाब आधीच ३७,५०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) ठरलेला आहे, तिथे वरची गुंजाइश फार नाही. आणि "शेवटी चार जॅकेटेड मारून शिसं काढून टाकतो" हा प्रकार तर मुळीच नको, अडलेल्या वाटेतून आणखी टणक गोळी रेटण्यासारखं आहे ते. शिसं ब्रशनेच काढायचं.

उपाय दोन. एक म्हणजे कापीव चऱ्यांची दुसऱ्या बनावटीची नळी, जी हत्याराशिवाय मिनिटभरात बदलता येते. मग २०० ते २२० ग्रेनची सपाट नाकाची हार्ड कास्ट बिनधास्त. २२० ग्रेन १,२०० फुटांनी जाणारी काडतुसं तयार मिळतात. दुसरा म्हणजे पॉलिमरचा लेप असलेली टणक शिशाची गोळी. फेडरलची सॉलिड कोअर १० मिमीत २०० ग्रेनची आहे, ती याच कामासाठी काढलेली. लेप असला तरी पहिल्या मॅगझिननंतर नळीतून उजेडाकडे बघाच. चेंबरच्या पुढे राखाडी चट्टे दिसले तर त्या जोडीचं जमत नाही असं समजा.

"हार्ड कास्ट" हा शब्द दुकानात फार सैल वापरतात. शुद्ध शिशाचा ब्रिनेल टणकपणा ५ च्या आसपास. ९० भाग शिसं, ५ कथिल, ५ अँटिमनी असं लायमन नंबर २ चं मिश्रण १५ च्या आसपास. बाजारातल्या हार्ड कास्ट १८ ते २२. जास्त टणक म्हणजे जास्त चांगली, असं नाही. अँटिमनी वाढलं की गोळी ठिसूळ होते आणि फऱ्याच्या सांध्यावर तिचा तुकडा उडू शकतो. हँडगनच्या वेगाला १५ भरपूर आहे. त्यापेक्षा महत्त्वाचा गोळीचा व्यास आणि नाक.

नाक सपाट आणि रुंद हवं. ही गोळी फुलत नाही, तेव्हा जखम जी काय करायची ती त्या सपाट तोंडानेच. कटरसारखं भोक पाडते, आणि हाडाला लागून वाट बदलत नाही. गोल नाकाची शिशाची गोळी मांस बाजूला सारून जाते आणि कधी कधी आत कुठल्या कुठे वळते. सेमी-वॅडकटर (कडेला खांदा आणि टोक सपाट असलेली गोळी) चालेल, रुंद सपाट नाक त्याहून बरं.

व्यासाचं असं. .४४ ची नळी चऱ्यांच्या तळाशी .४२९ इंच असते, पण शिशाची गोळी .४३० किंवा .४३१ ची घ्यायची. जराशी बारीक असली तर कडेने तापलेला वायू पुढे निसटतो, शिसं वितळवतो आणि नळी माखते. म्हणजे दोष कित्येकदा शिसं मऊ असल्याचा नसतो, गोळी सैल असल्याचा असतो. रेडहॉकचं सिलिंडर काढून गोळी (काडतूस नव्हे, नुसती गोळी) पुढच्या तोंडातून प्रत्येक घरात घालून बघा. बोटाने किंवा पेन्सिलीने हलकं ढकलून पार गेली तर माप बरोबर. आपोआप खाली पडली तर सैल, आणि अडूनच बसली तर घर अरुंद. सहाही घरं बघा, एखादं वेगळं निघतं.

केटीकर

दोघांनाही धन्यवाद. एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. .४४ मध्ये एक्सटीपी २४० ग्रेनचीही दिसली आणि ३०० ग्रेनचीही. डब्यावर २४० ची ऊर्जा ९७१ फूट-पाउंड आणि ३०० ची ८८१. मग जड गोळी कमजोर झाली ना? लोक मोठ्या नरासाठी तीच का सांगतात?

सहाबारी

आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकतोय. हिशोब असा: ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. २४० × १,३५० × १,३५० केलं की ९७१ येतात. ३०० × १,१५० × १,१५० केलं की ८८१. वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाही, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी कागदावर नेहमीच भाव खाते. ही ऊर्जा डुकराच्या कोणत्या थरात खर्च होणार हे त्या आकड्यात कुठेच नाही.

खोल जाण्यासाठी दुसरा आकडा बघा, सेक्शनल डेन्सिटी: वजन पाउंडांत, भागिले व्यासाचा वर्ग. .४४ ची २४० ग्रेन .१८५, ३०० ग्रेन .२३२. शिवाय ३०० वाली सावकाश जाते म्हणून कमी फुलते, म्हणजे कमी अडते. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला ढकलतात. १० मिमीतही तेच: १८० ग्रेन १,१८० ला ५५७ फूट-पाउंड, २०० ग्रेन १,०५० ला ४९०, तरी फऱ्यावर मारायचं असेल तर मी २०० वालीकडे झुकेन.

तोटे दोन. धक्का जास्त, आणि नेम वर जातो. रायफलच्या सवयीने वाटतं की जड गोळी खाली लागेल, पण हँडगनमध्ये जवळच्या अंतरावर उलटं होतं. सावकाश गोळी नळीत जास्त वेळ असते आणि तेवढ्यात धक्क्याने तोंड वर उचललेलं असतं. २४० वर बसवलेली दुर्बीण ३०० ला तशीच चालेल असं गृहीत धरू नका. एक गोळी निवडा, तिच्यावर दुर्बीण बसवा, आणि दुसरा डबा बॅगेत ठेवूच नका.

मेस्कीटखालचा

काडतुसावर एवढा काथ्याकूट चाललाय, पण ही सगळी चर्चा गोळी कुठे लागणार यावर अवलंबून आहे. हरणाचा नेम डुकराला लावला की डुक्कर चाललं.

हरणाला फऱ्याच्या मागे, उंचीच्या मध्यावर मारतात. डुकराचं मर्म त्याहून पुढे आणि खाली असतं. फुफ्फुसं दोन फऱ्यांच्या मधे दडलेली, हृदय अगदी खाली, पुढच्या पायाच्या कोपराच्या पातळीला. हरणाच्या जागी मारलेली गोळी यकृतात नाहीतर पोटात जाते. डुक्कर मरतं, पण तुमच्या हाती लागत नाही.

डुक्कर पूर्ण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मधल्या रेषेने वर या. छातीच्या खालच्या कडेपासून अंगाच्या उंचीच्या एक तृतीयांशावर थांबा. तिथे मारा. वरच्या बाजूने मोजू नका. पाठीवरचे ताठ केस आणि कण्याचे उंच काटे यामुळे पाठ आहे त्याहून वर दिसते, आणि खरा कणा फऱ्यापाशी खाली झुकलेला असतो. वर लागलेली गोळी काट्यांमधून आरपार जाते, डुक्कर धाडकन कोसळतं, तुम्ही टाळी देता आणि दहा सेकंदांनी ते उठून पळतं. कोसळलेल्या डुकराकडे लगेच जायचं नाही आणि हत्यार खाली ठेवायचं नाही, ते यासाठीच.

ढालीची गोष्ट थोडी फुगवून सांगितली जाते. ती नरालाच असते, वयाबरोबर आणि मारामाऱ्यांबरोबर जाड होते, फऱ्यावर कूर्चेसारखी चिवट पाटी. म्हाताऱ्या नरात इंच-दीड इंच भरू शकते. फीडरवर येणारा कळप म्हणजे बहुतेक माद्या आणि पोरवडा. त्यांना ढाल नाही. त्यामुळे सगळ्यांसाठी ३०० ग्रेन हवीच, हे मला पटत नाही. साठ-सत्तर किलोच्या मादीला २४० एक्सटीपी बरगडीतून मारली तर बहुतेक वेळा पलीकडे निघते, आणि भोक मोठं असल्यामुळे मागही चांगला मिळतो. ३०० ग्रेन किंवा हार्ड कास्ट एकट्या फिरणाऱ्या सुळेवाल्यासाठी. तेही थोडं पाठमोरं तिरकं उभं राहीपर्यंत थांबता येत असेल तर ढाल टाळून मागून आत शिरता येतं. त्या वेळी जवळच्या फऱ्याकडे बघायचं नाही. पलीकडच्या फऱ्यात गोळी थांबली पाहिजे असं धरून नेम लावायचा.

कानामागचा नेम व्हिडिओत छान दिसतो. मेंदू लहान, डोकं सतत हलतं, आणि जरा पुढे लागली की जबडा फुटलेलं डुक्कर कित्येक दिवस उपाशी मरतं. समोरून कपाळावर त्याहून वाईट: उतरतं हाड, मेंदू वाटतो त्याहून मागे आणि वर. हँडगनने २० यार्डांच्या आत, टेकू असताना, डोकं स्थिर असेल तरच.

आणखी एक. तुम्ही आरपार जाणारी गोळी निवडताय, मग डुकराच्या मागे काय आहे ते तुमचं काम. कळपात एकामागे एक उभी असतात. पुढचीला मारलेली हार्ड कास्ट मागचीच्या पोटात जाऊन बसते. लॅनोकडे जमीन खडकाळ, ग्रॅनाइट वर आलेला. टणक शिशाची सपाट गोळी दगडावरून उसळते. मागे चढ आहे म्हणालात, तो मातीचा आहे की दगडांचा हे दिवसा चालत जाऊन बघा.

हाव्हेलिनाही ओळखायला शिका. दिसायला डुकराच्या भावासारखा, पण गेम अ‍ॅनिमल आहे. त्याला परवाना, हंगाम आणि दोनची मर्यादा आहे. गळ्याभोवती पांढुरका पट्टा, शेपूट दिसतच नाही, वजन वीस-पंचवीस किलो. अंधारात फीडरवर अर्धवट वाढलेलं डुक्कर समजून त्याला मारतात लोक.

कागदपत्रे_आधी

मित्राच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही आणि या धाग्यातली सगळ्यात महाग चूक तिथेच होऊ शकते.

१ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, मोकाट डुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. सार्वजनिक जमिनीवर लागतो. हे झालं राज्याचं. एच-१बीवाल्याला आडवा येतो तो फेडरल कायदा. यू. एस. कोडच्या १८ व्या शीर्षकातलं कलम ९२२(जी)(५)(बी): नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं गुन्हा आहे. नुसतं काडतूससुद्धा. एच-४, एफ-१, एल-१ सगळे यात आले. ग्रीन कार्डवाले यात येत नाहीत.

त्याला अपवाद आहे, ९२२(वाय)(२): अमेरिकेत रीतसर दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. म्हणजे गंमत अशी की डुकरासाठी टेक्ससला जो परवाना नकोच आहे, तोच तुमच्या मित्राला खिशात हवा. "डुकरांना परवाना लागत नाही" हे खरं वाक्य त्याच्यासाठी सापळा आहे.

टेक्ससचा शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, कधीही काढला तरी. १ सप्टेंबरला सकाळी नवा नसेल तर त्या दिवसापासून कपाटातलं हत्यारही अडचणीचं. नवे परवाने ऑगस्टच्या मध्याला विक्रीला येतात, तेव्हाच काढून ठेवावा. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी हंटर एज्युकेशनचा नियम आहे, तो कोर्सही उरकून घ्या, नाहीतरी उपयोगाचाच आहे. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर हत्याराला हात लावायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला एक फोन.

आणि भारतात जाताना: रेंजची बॅग प्रवासाला वापरायची नाही. बाजूच्या कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या एक्स-रेमध्ये दिसलं की आर्म्स अ‍ॅक्ट, १९५९ खाली प्रकरण होतं, आणि "अमेरिकेत कायदेशीर आहे" हे तिथे चालत नाही. बॅग उलटी करून झटका, शिवणीसुद्धा चाचपा.

इकडच्या वाचकांसाठी: महाराष्ट्रातलं रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतं. पीक खाल्लं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. टेक्ससचं डुक्कर म्हणजे स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पाळीव डुकरांचा सुटलेला वंश आणि त्यात १९३० च्या दशकात शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांची भर. तिथे तो उपद्रव आहे, इथे वन्यप्राणी. या धाग्यातलं काही इथे लागू करू नका.

वऱ्हाडी_टेक्सन

चांगली माहिती. माझ्याकडे .४५ कोल्टचं जुन्या धर्तीचं सिंगल अ‍ॅक्शन आहे, आणि ४ इंची .३५७. दोन्हींपैकी काही चालेल का? ९ मिमी तर विचारतच नाही.

शिसेओतारी

विचारलं नाहीत ते बरं केलंत.

.४५ कोल्टमध्ये काडतुसापेक्षा पिस्तुलाची जात बघायची. या काडतुसाचा ठरलेला कमाल दाब १४,००० पीएसआय, म्हणजे .४४ मॅग्नमच्या ३६,००० च्या निम्म्याहून कमी. बाजारात "फक्त रूगर" असं लिहिलेली .४५ कोल्ट मिळतात. ती त्या मर्यादेच्या कितीतरी वर भरलेली असतात, रूगर ब्लॅकहॉकसारख्या जाड सिलिंडरसाठी. जुन्या कोल्टमध्ये किंवा तिच्या इटालियन नकलेत ती सहज बसतात, हाच धोका. सिलिंडर फुटतं. तुमचं जुन्या धर्तीचं असेल तर २५० ग्रेनच्या वर-खाली, ८५० ते ९०० फूट, सपाट नाकाचं शिसं. ऊर्जेचा आकडा चारशे ते साडेचारशे येतो आणि दुकानदार नाक मुरडतो, पण २५ यार्डांवर मध्यम डुकराच्या बरगडीतून ती गोळी आरपार जाते. ढालीच्या नरासाठी नको.

.३५७ काठावर आहे. १५८ ग्रेन एक्सटीपी माद्यांना, १८० ग्रेन हार्ड कास्ट त्याहून बरी, सेक्शनल डेन्सिटी .२०२ येते. १२५ ग्रेनच्या हलक्या झगझगीत गोळ्या डुकराला उपयोगाच्या नाहीत आणि नळीच्या सिलिंडरकडच्या तोंडाशी तापलेल्या वायूने धातू खातात. १५८ एक्सटीपीच्या डब्यावरचा १,२५० फुटांचा आकडा ८ इंची नळीचा असतो, तुमच्या ४ इंचातून तो विसरा.

रेडहॉकवाल्यांनाही एक सांगायचं राहिलं. सरावाला .४४ स्पेशल मारत असाल तर काडतूस आखूड असल्यामुळे घरात पुढे काजळीचं कडं साचतं. मग मॅग्नमचं लांब काडतूस त्या कड्यावर अडतं, आणि शेवटचा मिलिमीटर अंगठ्याने दाबून बसवावा लागतो. अशी दाबून बसवलेली पुंगळी बारानंतर निघत नाही. डुकरं फीडरवर असताना हे समजलं तर वैताग. शिकारीच्या आदल्या दिवशी घरं ब्रशने साफ करा.

सहाबारी

जायच्या आधीची तपासणी लिहून टाकतो, मग माझं संपलं.

रेडहॉक: सहा भरा, एकाच्या बुडावर मार्करने खूण करा. बाकीची पाच झाडा, खुणेचं काढा आणि व्हर्नियरने लांबी मोजा. झाडायच्या आधी मोजून ठेवलेली लांबी हवी, हे सांगायला नको. लांबी वाढली असेल तर धक्क्याने गोळी पुंगळीतून बाहेर सरकतेय. थोडी आणखी सरकली की सिलिंडरच्या तोंडाबाहेर येते आणि सिलिंडर फिरायचं बंद. दीड किलोच्या रेडहॉकमध्ये हा त्रास कमी, हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये ३०० ग्रेनला फार. पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत नीट वळवलेलं आहे ना ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

ग्लॉक: इथे उलटं. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये भरून-काढून गोळी आत दबते, जागा कमी होते, दाब वाढतो. दोन-तीनदा चेंबरला गेलेलं काडतूस सरावाच्या डब्यात टाका. नवीन नळी बसवली तर ती बाहेर काढून काडतूस वरून टाका. "टक्" आवाज येऊन बुड नळीच्या कडेशी सपाट बसलं, गोल फिरलं आणि उलटं केल्यावर आपोआप पडलं, तर ठीक. सपाट रुंद नाक चेंबरकडे नेणाऱ्या चढणीवर अडकतं का हे दोन मॅगझिन झाडून समजत नाही. निदान पन्नास गोळ्या, त्यातल्या काही मुद्दाम सैल पकडीत. मूळ स्प्रिंग १७ पाउंडांची असते. जड गोळ्यांसाठी २० ची लावतात, पण मग सरावाच्या मवाळ काडतुसांनी स्लाइड पूर्ण मागे जाईलच असं नाही. दोन्हींवर तपासा.

नेम: बेंचवरचा गट कोणाला दाखवायचा असेल तर दाखवा. खरी परीक्षा म्हणजे त्याच खुर्चीवर, त्याच तिकाटण्यावर, ३५ यार्डांवर सहा इंची कागदी ताटली. सहापैकी सहा ताटलीत. पाच आल्या तर फीडर २५ वर आणा, तेवढं सोपं आहे. तिकाटण्यावर टेकवताना सिलिंडर आणि नळीमधली फट मोकळी राहिली पाहिजे. तिथून बाजूला झोत निघतो, डाव्या हाताची बोटं तिथे नकोत.

कान: .४४ चा आवाज १६० डेसिबलच्या वर. आत बोंडं, वर इलेक्ट्रॉनिक मफ. मफमुळे डुकरांची चाहूल उलट लवकर लागते.

केटीकर

ठरलं मग. रेडहॉकला २४० एक्सटीपी, एकच डबा नाही तर एकाच लॉटचे चार. ग्लॉकला मूळ नळीच ठेवतो, २०० एक्सटीपी. मित्राला परवाना काढायला सांगितलंय, तोवर तो फक्त दुर्बीण घेऊन बसेल. मारल्यानंतरचं काही?

मेस्कीटखालचा

बार झाल्यावर डुक्कर पळालं तर घड्याळ बघा, अर्धा तास थांबा. शेवटचं दिसलं ती जागा एखाद्या झुडपावरून लक्षात ठेवा. झुडपात वाकून एकट्याने शिरायचं नाही.

सोलताना कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. या डुकरांत ब्रुसेला सुइस असतो, तो रक्तातून, बोटावरच्या चिरेतून माणसात येतो, आणि मग महिनोन्‌महिने ताप उलटत राहतो. पोट आणि आतडं फाटलेलं असेल तर त्या बाजूचं मांस सोडून द्या. एक्सटीपी लागलेल्या जागेभोवती चांगलं चार बोटं कापून टाका, शिशाचे कण दिसतात त्याहून लांब गेलेले असतात. मांस आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलं पाहिजे, थर्मामीटर खुपसून बघा. रश्शात प्रश्न येत नाही, ग्रिलवर येतो.

रँचवर कुत्री असतील तर आतडी, फुफ्फुसं, कच्चं मांस त्यांच्यापुढे टाकू नका. डुकरांमधला स्यूडोरेबीज हा विषाणू माणसाला सहसा त्रास देत नाही, पण कुत्रं त्याने दोन-तीन दिवसांत जातं. मालकाला विचारून खड्डा कुठे करायचा ते मारायच्या आधीच ठरवा. लॅनोच्या जमिनीत फावडं रात्री अकराला चालत नाही.